वना कसा पडला

१५ मे १९८८

तीर्थरूप नाना यांस पंडितचा नमस्कार.

नऊ वर्षांनी माझे अक्षर पाहून तुम्ही आधी घाबराल, कुणी गेले की काय. कुणी गेलेले नाही. गावातून भुसावळला जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर मीच शिक्का मारतो, पण माझ्या हातचे तुमच्या नावाचे पत्र त्यात कधी नव्हते. आज लिहिण्यासारखे घडले म्हणून लिहितो.

गेल्या गुरुवारी सकाळी वना आपल्या घराच्या मातीच्या धाब्यावरून पडला. धाब्यांवर खारी माती टाकणारा आपला वना. तुम्ही इथे होतात तेव्हाही आपल्या घराची माती तोच टाकायचा. आखाजीचा सण झाला की पावसाच्या आत गावातली कितीतरी धाबी त्याच्या पायाखालून जातात. यंदा माझ्या बाजूची माती झाल्यावर मी त्याला म्हटले, नानांच्या बाजूलाही टाकून घे. वाटणीची भिंत आपण खाली घातली, वर धाबे अजून एकच आहे. तुमच्याकडे मुरलेले पाणी माझ्या छताच्या लाकडी कड्यांना येते. तुम्हाला न विचारता हे केले, ही माझी चूक.

तुमच्या आतल्या खोलीवर उजेडासाठी ठेवलेले भोक आहे ना, देवांच्या कोनाड्यासमोरचे, त्यातून तो सरळ खाली आला. दहा फूट. उजव्या मांडीचे हाड मोडले, डोक्यालाही मार बसला. माती आणणाऱ्या अन्वरची बैलगाडी दारातच उभी होती. तिच्यात घालून नरडाण्याला नेले आणि तिथून जीपने धुळ्याच्या दवाखान्यात. तुमच्या दाराचे कुलूप तोडावे लागले. माणूस आत पडलेला होता, इलाज नव्हता. मी त्या वेळी चावडीजवळ टपालात होतो, ओरडा ऐकून धावत आलो.

आता विचारायचे ते विचारतो. यात भांडण नाही, तुम्हाला कशात ओढायचेही नाही. मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे. माणूस मी बोलावला. धाबे तुमचे, भोक तुमचे, तो पडला ती जमीनही तुमची. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर तेवढ्या भागाला तुमचे नाव आहे. मग दुसऱ्याच्या घरावर, तिसऱ्याच्या सांगण्यावरून चढलेला माणूस पडला, तर तो कोणाचा? गावात विचारले तर जो तो वर बोट दाखवतो. देवाकडे बोट दाखवणे सोपे असते. मी रोज त्याच्यापुढे बसतो, मला ते जमेना.

वहिनींना नमस्कार. उत्तर आले नाही तरी माझा राग नाही.

पंडित


७ जून १९८८

तीर्थरूप नाना,

तुमचे कार्ड मिळाले. पाकीट न पाठवता कार्ड पाठवलेत, म्हणजे भुसावळपासून इथवर ज्याला वाचता येते त्याने ते वाचले असणार. हरकत नाही. चार ओळी आहेत आणि चारही बरोबर आहेत. माती टाकायला तुम्ही सांगितले नव्हते. कुलूप तोडायला सांगितले नव्हते. ‘घर माझे, पण काम तुझे,’ असे लिहिलेत. यातला ‘पण’ मी पुष्कळदा वाचला.

धुळ्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला लीलाधर वकिलांना भेटलो, आपल्या मामांच्या गावचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, “नोटीस आली का?”

मी म्हटले, “नाही. येणारही नाही. मला फक्त कळून घ्यायचे आहे.”

“पंडितराव, माझ्याकडे लोक जबाबदारी झटकायला येतात. तुम्ही तिचा पत्ता विचारायला आलात!” ते हसले. मग नीट समजावून सांगितले. कामगारांना भरपाई देणारा कायदा आहे, पण तो मालकाच्या धंद्याच्या कामासाठी. घराच्या डागडुजीला दोन दिवस बोलावलेला माणूस त्यात बसत नाही.

“म्हणजे माझ्यावर काहीच नाही?”

“त्या कायद्याने नाही. दिवाणी दावा झाला तर गोष्ट वेगळी. तिथे विचारतील, जागेत धोका होता तो घरधन्याला माहीत होता का? काम करणाऱ्याला माहीत होता का? दोघांना माहीत असेल तर त्याने सांभाळून पाय टाकायचा. तुम्हालाच माहीत असेल आणि तुम्ही सांगितले नसेल, तर मग तुम्ही.”

“आणि घर भावाचे असेल तर?”

“उताऱ्यावर नाव कोणाचे ते नंतर. ताबा कोणाचा? खोली कोण वापरतो?”

“कुलपात आहे,” मी म्हटले.

“मग स्वस्थ झोपा,” ते म्हणाले.

किती नवलाची गोष्ट आहे. मला वाटत होते कायदा हाडांबद्दल विचारेल. तो विचारतो, कोणाला काय माहीत होते. हे तर कीर्तनात विचारावे तसे झाले.

तिथून दवाखान्यात गेलो. वनाचा पाय वजन बांधून टांगून ठेवला आहे. त्याची बायको भिकुबाई खाटेखाली सतरंजी टाकून राहते. मी भाकरी नेल्या होत्या. त्याने एक तुकडा तोडला आणि खाण्याआधी विचारले, “मास्तर, मी पडनू कसा?”

मी म्हटले, “पाय सरकना व्हई, वना.”

“मन्हा?” तो हसला. “च्या पिनू, शिडी चढनू, तठपावत याद शे. मंग एकदम हाई खाट. मधलं काहीच सापडत नही.” मग खाली पाहत म्हणाला, “तीस वरीस व्हयनात. कोनता घरनं भोक कोठे शे, डोया लाईसन सांगसू. तुन्हा घरनं बी.”

डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार लागला की असे होते. मागचे पुढचे आठवते, नेमके मधले जाते. पुन्हा येईल किंवा येणार नाही.

त्याचे घर चालावे म्हणून माझ्याकडून धान्य जाते आहे. ते मी केले, म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारले असतेत, म्हणून लिहितो.

पंडित


९ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप नाना,

या वेळी तुम्ही पाकीट पाठवलेत, बरे वाटले. पत्र तीनदा वाचले. रेल्वेत तुमच्या हाताखालचा माणूस पडला की चौकशी बसते, तीत काय काय विचारतात, ते तुम्ही ओळीने लिहिले आहे. शिडी कोणाची होती, उजेड होता का, तो कोणत्या पायाने चालत होता. आणि सगळ्यात आधी मुकादमाला विचारतात, ‘त्या वेळी तू कुठे होतास?’ तुमचे अक्षर या ओळीवर थोडे ठळक झाले आहे, की मलाच तसे वाटले?

त्याचे उत्तर मी पहिल्या पत्रात दिलेलेच आहे.

वना घरी आला आहे. काठी लागते. डावा पाय धड आहे, उजवा दोन बोटे आखूड झाला. पण मला काळजी पायाची नाही. परवा त्याच्या घरी गेलो तर तो अंगणात होता. काठी पुढे ठोकायची, थांबायचे, मग पाऊल. स्वतःच्या अंगणात, जिथे तो रांगला. मला वाटले दुखते म्हणून. भिकुबाई म्हणाली, “दुखत नही त्याले. जमीन खरी शे का दखस.”

“म्हणजे?”

“त्यालेच इचार.”

वनाने लाजत लाजत सांगितले. त्याला वाटते, त्याचे डोके फिरले आहे. ज्या माणसाला गावातले प्रत्येक भोक पाठ, तो भर सकाळी, धड उजेडात, भोकावर पाय देतो, म्हणजे आत काहीतरी बिघडले. “मन्हा पाय मले फसाडी ग्यात, मास्तर. आते कोनता पायवर भरोसा ठेवू?” त्याचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या घराचा रस्ता विसरत. त्याला वाटते, तेच आता त्याला धरणार.

पारावर लोक थट्टा करतात. सुपडू म्हणाला, “वना, त्या दिन सकायमाच लावेल व्हती का रे?” सगळे हसले. वनाही हसला आणि म्हणाला, “लावेल राहती ते बरं व्हतं. कारन ते सापडतं.”

हे ऐकून मी उठलो. पाराच्या मागे अन्वर बैलांना पाणी पाजत होता. तो जवळ आला. “मास्तर, एक इचारू? त्या दिनले खाले जी माती पडनी, ती मी भरीसन बाहेर टाकी. तिनामा पोतडं व्हतं. मन्ही गाडीमा ते पोतडं नव्हतं.”

मी म्हटले, “असेल कुठले तरी.”

“व्हई,” तो म्हणाला आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. गेला नाही. मीच गेलो.

या घरगुती गोष्टी तुम्हाला का लिहितो, ते समजत नाही. तुम्ही विचारता, म्हणून असेल.

पंडित


संक्रांत, १४ जानेवारी १९८९

तीर्थरूप नाना,

आजचा दिवस गोड बोलण्याचा आहे. मी खरे लिहितो, ते गोड नाही.

तुमच्या दाराचे कुलूप मी तोडले नाही. ते अजून जसेच्या तसे आहे, गंजलेले. तुम्ही गेल्यावर चार वर्षे मी तुमचा शब्द पाळला, उंबऱ्यात पाय ठेवला नाही. पण देव वडील भावाच्या वाट्याला जातात, म्हणून ते तुमच्याकडे आले. तुम्ही टाक तेवढे घेऊन गेलात. कोनाड्यातले बाकीचे देव, आईच्या हातचे, आत राहिले. रोज सकाळी माझ्या बाजूला दिवा लावताना मला भिंतीपलीकडचा अंधार दिसायचा. पाचव्या वर्षी मी वाटणीच्या भिंतीतल्या, खिळे ठोकून बंद केलेल्या मधल्या दाराचे खिळे काढले. तेव्हापासून रोज आत जाऊन पूजा करतो, तिथेच बसून जप करतो. भोकातला उजेड साडेसातच्या सुमाराला बरोबर कोनाड्यावर येतो. त्याच्या मोहात मी पडलो, हेही खरे.

तेव्हा लीलाधर वकिलांचा प्रश्न घ्या. ताबा कोणाचा? माझा. पाच वर्षे माझा.

तुमच्या धाब्यावर माती यंदाच टाकली, हेही खोटे. दरसाल टाकत आलो. याचा एक परिणाम झाला. तुम्हाला आठवत असेल, भोकाभोवती वीतभर मातीचा काठ होता, त्यावर पत्रा ठेवायचो. दरसालची माती बोट-दोन बोटे चढते. नऊ वर्षांत धाबे चढत गेले आणि काठ तिथेच राहिला. मागच्या वर्षी तो सपाट झाला होता. वाऱ्याने पत्रा उडून गेला होता, तो मी परत आणला नाही. कसे हळूहळू होते पाहा. मी दरवर्षी घर राखत होतो आणि दरवर्षी तो खड्डा लपवत होतो. दोन्ही एकाच मातीने.

त्या दिवशी वना यायच्या आधी मी वर चढलो आणि भोकावर पोते पसरले. वर माती ओढताना खाली देवांवर पडते, मागच्या वर्षी पडली होती. पोत्यावर चार दगड ठेवले. वनाला सांगायचे मनात होते. तो आला तेव्हा चहा चालू होता, बोलण्याचा विषय दुसरा निघाला. तो माझ्या बाजूला काम करू लागला. मी आत आलो, आंघोळ केली, तुमच्या खोलीत जाऊन माळ हातात घेतली. मध्ये अन्वरने शिडीवरूनच चार पाट्या तिकडे ओतल्या असाव्यात. पोते मातीखाली गेले. यात त्याचा दोष नाही. त्याला वर काय आहे ते दिसत नव्हते.

मी टपालात नव्हतो, नाना. मी तिथेच बसलो होतो. वना माझ्या डोक्यावर होता. त्याची पावले मला ऐकू येत होती. तो थांबला आणि वरून विचारले, “मास्तर, आठलं भोक बुजी टाकं का?”

आईने आपल्याला काय शिकवले ते तुम्हाला माहीत आहे. माळ हातात असेपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, घराला आग लागली तरी. तुम्ही लहानपणी यावरून तिला चिडवायचात. मी कधी चिडवले नाही.

अकरा मणी उरले होते. म्हटले, एवढे झाले की सांगतो.

त्याने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. “ओ मास्तर! भोक बुजेल शे ना?”

मी मणी ओढत राहिलो. थोडे भरभर ओढले, एवढेच. खोली कुलपात, वरून भोक दिसत नाही, खालून कोणी बोलत नाही. त्याने काय समजावे? नऊ वर्षे बंद असलेल्या घराचे भोक कोणीही बुजवेल. त्याने पाऊल टाकले.

तो माझ्यापासून दोन हातांवर पडला. देवांवरही माती आलीच.

अकरा मण्यांना किती वेळ लागतो, ते मी नंतर घड्याळ लावून पाहिले. एक मिनिटही लागत नाही. माझे मन तिथेच फिरून फिरून जाते. त्या वेळी मी नाम घेत होतो की माझी शिस्त राखत होतो? देव माणसाच्या तोंडून विचारतो असे मी हजार वेळा ऐकले आहे. दोनदा विचारले, तरी मला ते ओळखू आले नाही. हे मी स्वतःला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. मला खरोखर कोडे पडले आहे.

‘त्या वेळी तू कुठे होतास?’ याचे हे उत्तर.

पंडित


५ मार्च १९८९

तीर्थरूप नाना,

तुमचे पत्र आले तेव्हा थैली उघडून मीच पत्रे लावत होतो. हातातली बाकीची पत्रे तशीच ठेवून आधी ते फोडले. टपालाच्या नोकरीत असे पहिल्यांदा केले.

‘मी असतो तर माळ टाकून दिली असती. पण मी देवांना कुलूप लावून आलो, तेव्हा तुला बोलणारा मी कोण?’ एवढे वाचून डोळे पुसले. पुढचे वाचून मात्र दोन दिवस जेवण गेले नाही. ‘जे वनाला सांगायचे ते मला सांगून भागत नाही. पाकिटातला कबुलीजबाब चौकशीत चालत नाही.’

मी चार आठवडे काढले. आधी धुळ्याला जाऊन लीलाधर वकिलांना सगळे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “हे जर त्याच्यापुढे बोललात तर त्याचा दावा तुम्हीच उभा करून दिलात असे होईल. समजते ना?” मी म्हटले, समजते. मी सांगितलेले सारे त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले, खाली सही केली आणि तो कागद घेऊन गेल्या रविवारी वनाकडे गेलो.

तो ओट्यावर बसून दोरी वळत होता. मी उभ्यानेच सांगितले, नाहीतर सांगणे झाले नसते. “वना, तुन्हा पाय सरकना नही. भोकवर मी पोतं टाकेल व्हतं. तू वरथून दोनदा इचारं. मी खाले देवपुढे बठेल व्हतू. बोलनू नही.”

तो दोरी वळायचा थांबला. “दोनदा इचारं मी?”

“दोनदा.”

“भोकनंच इचारं?”

“भोकनंच.”

त्याचे तोंड असे उजळले की मला बघवेना. घरात वळून ओरडला, “आयकं का व! मी इचारेल व्हतं! दोनदा इचारेल व्हतं! मन्हं डोकं बराबर शे!” काठी न घेता उठला, दोन पावले टाकली आणि भिंत धरली. मी इतक्या तयारीने गेलो होतो, नाना. शिव्यांच्या तयारीने, रडण्याच्या तयारीने. आनंदाची तयारी केली नव्हती.

भिकुबाई बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. पदर कमरेला खोचून माझ्यापुढे उभी राहिली. “देववर माती पडू नही म्हनीसन मन्हा मानूस पाडा का, मास्तर?”

मी खिशातला कागद काढला.

वना पुन्हा खाली बसला. हसू हळूहळू गेले. मी कागद पुढे केला, म्हटले, यावर सही आहे, कोर्टात जायचे असेल तर मी तिथेही हेच बोलेन. त्याने कागद उलटा-सुलटा पाहिला. त्याला वाचता येत नाही. “कोरटना धाबावर माती टाकाले मले कोन बलावस?” म्हणाला आणि कागद भिकुबाईकडे दिला. तिने तो घडी करून डब्यात ठेवला. तो तिथे राहील. राहावा.

मग त्याने मला बस म्हटले नाही, चहा विचारला नाही. “हाड जुडनं, मास्तर. हाड कोन्हंबी मोडस. पन नऊ महिना मी सोताले येडा समजनू. तू रोज येवस, भाकर लयेस, दखस, आन गप. त्यानं काय करशी?”

मला पहिल्यापासून वाटत होते, जबाबदारी ही त्या एका सकाळची. त्या दिवशी कळले, ती तेव्हा जेमतेम सुरू झाली होती. नंतरच्या प्रत्येक भेटीत मी तिच्यात भर घातली.

मी म्हटले, “तूच सांग.”

त्याने दोरी पुन्हा हातात घेतली. “पारवर बठ्ठासमोर सांग. हाई पयलं.” मग म्हणाला, “दुसरं. आखाजीनंतर नऊ घरं मन्ही वाट दखतीन. मी नही सांगं ते त्या दुसराले बलावतीन, मंग मन्हाकडे कोन येस? मले चढता येत नही. तू चढ. मी सांगसू.”

“मले येत नही, वना.”

“मले येत व्हतं का? शिकनू.”

पारावर सगळ्यांसमोर सांगून झाले. त्याच संध्याकाळी. मग सुपडू उठून वनाच्या शेजारी जाऊन बसला. काही लोक मला आता टपाल देताना नजर देत नाहीत. माझी बायको मंजुळाही दोन दिवस अबोल होती. म्हणाली, “मला तरी सांगायचं.” तेही खरे.

पंडित


२८ मे १९८९

तीर्थरूप नाना,

हात फोडांनी भरले आहेत, म्हणून अक्षर असे आहे. सात धाबी झाली. सकाळी पूजा लवकर आटोपतो, दहाला टपाल उघडायच्या आत जमेल तेवढे काम, उरलेले दुपारनंतर. गावाने पहिले दोन दिवस तमाशा पाहिला, तिसऱ्या दिवशी कंटाळले.

मी समजत होतो, वना खाली अंगणात खाट टाकून बसेल आणि हाताने दाखवेल. तसे नाही. तो घराच्या आत जाऊन बसतो, मी जिथे असेन त्याच्या बरोबर खाली. माझ्या पावलांचा आवाज ऐकतो. धाब्याला आवाज असतो, हे मला पन्नाशीला कळले. भरीव कडीवर पाऊल पडले की ‘धप्’ वाजते, मातीखालच्या काड्या कुजल्या असतील तर आवाज पोकळ येतो आणि खाली थोडी धूळ गळते. वना खालून सांगतो, “डावीकडे सरक. तठे कडी कमजोर शे.” मी सरकतो. “आते टाक.” टाकतो. “कोठे शे?” “पन्हळाजवळ.” त्याने विचारले आणि मी गप्प राहिलो, असे एकदाही झालेले नाही. एकदा शिंक आली होती, तर त्याने तीनदा हाक मारली.

पहिल्या दिवशी मी फावडे पुढे ठोकून, थांबून, मगच पाऊल टाकत होतो. तळपायांना जमीन शोधायची सवय नसते. त्यांना वाटते ती असतेच. वनाचे तसे नऊ महिने गेले, हे मी ऐकले होते. पायांना ते त्या दिवशी कळले.

तुमचे धाबे शेवटी ठेवले आहे. मधले दार मी पुन्हा खिळे ठोकून बंद केले नाही, उघडेही वापरत नाही. तुम्ही रजा काढून याल असे वहिनींनी लिहिले आहे. भोकाभोवती विटांचा काठ उंच करायचा, की ते कायमचे बुजवायचे, ते तुम्ही येऊन सांगा. घर तुमचे आहे. काम माझे.

कालची गोष्ट सांगतो आणि थांबतो. काल सुनंदाबाईंच्या घराची पाळी होती. शाळेतल्या बाई, गेल्या साली आपल्या गल्लीच्या टोकाचे घर विकत घेऊन राहायला आल्या. मूळच्या जळगावच्या, स्लॅबखाली वाढलेल्या. त्यांना धाब्याचे काही माहीत नाही, पण आपली हकीकत सगळी माहीत होती. मी फावडे घेऊन शिडीवर पाय ठेवला तर त्या पुढे आल्या.

“पोस्टमास्तर, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा ना, बाई.”

“तुम्ही वर चढणार, तुम्हाला सवय नाही. काही झालं तर? घर माझं आहे. जबाबदार कोण, मीच ना?”

मी शिडीवर तसाच उभा राहिलो. वर्षभर हा प्रश्न मी किती जणांना विचारला. वकिलांना, तुम्हाला, स्वतःला. तो माझ्यावरून विचारला जाताना पहिल्यांदाच ऐकला. मला उत्तर येत होते, कायद्याचेही आणि दुसरेही. पण मी बोलायच्या आत घरातून, अंधारातून आवाज आला. वना आधीच आत जाऊन, माझ्या पहिल्या पावलाच्या जागेखाली, भिंतीला पाठ लावून बसला होता. मी पडलो असतो तर त्याच्याच अंगावर.

“तो पडाव नही, बाई,” तो म्हणाला. “मी खाले बठेल शे ना.”

पंडित